‘दॅनाई’वर फेकलेले गंधकाम्ल

१५ जून १९८५ रोजी लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयात एका माणसाने सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘दॅनाई’ या चित्रावर चाकूचे दोन वार केले आणि गंधकाम्ल फेकले. १८५ × २०३ सेंटिमीटरच्या कॅनव्हासवरचा मधला भाग, म्हणजे नेमकी दॅनाई, ओघळून निघाली. ग्रीक पुराणातली ही अर्गोसची राजकन्या. नातवाच्या हातून मरण येणार हे भाकीत ऐकून बापाने तिला कोंडले, तरी देवांचा राजा झ्यूस सोन्याचा पाऊस होऊन आलाच. पर्सियस हा त्यांचा मुलगा.

तैलचित्र म्हणजे थरांची चळत असते: कॅनव्हास, अस्तर (म्हणजे रंगाखालचा लेप), रंग, वार्निश. गंधकाम्ल प्रत्येक थराशी वेगळे वागते. जवसाच्या वाळलेल्या तेलाची साखळी ते तोडते, त्यामुळे रंगकणांना धरून ठेवणारे काही उरत नाही. त्वचेच्या रंगात मुबलक असलेला सफेदा, म्हणजे शिशाचे कार्बोनेट, शिशाचे सल्फेट बनतो. तेही पांढरेच, पण पकड सुटल्यामुळे नुसती भुकटी. अस्तरात खडू असेल तर त्याचे जिप्सम होते आणि सुटलेला वायू वरचा रंग उचलतो. कॅनव्हासच्या धाग्यातले पाणी मात्र आम्ल ओढून घेते आणि मागे कोळसा ठेवते. शाळेत साखरेवर आम्ल ओतून दाखवतात, तेच.

उपाय एकच, पाणी. पण आम्लात पाणी ओतू नये असे शाळेतच शिकवतात, ते का? थोडे पाणी पडले तर मिसळताना निघणाऱ्या उष्णतेने ते तिथेच उकळते. भरपूर पाणी सतत वाहते ठेवले तर ती उष्णता आणि आम्ल दोन्ही वाहून जातात. चित्र उभे ठेवून धुतले, कारण आडवे केले असते तर आम्ल खळग्यांत साचून खोल गेले असते. पाण्याचाही त्रास असतोच: अस्तरातला सरस फुगतो, सैल झालेले पापुद्रे सुटू लागतात. म्हणून पुढे स्टर्जन माशाचा सरस मधात मिसळून लावला. मध सरसाला लवचीक ठेवतो. नुसता सरस वाळताना आकसतो आणि रंग ओढून तडकवतो.

दुरुस्ती १९९७ पर्यंत चालली. अशा कामात नवा रंग मूळ रंगाला चिकटू देत नाहीत. मध्ये वार्निश असते, म्हणजे पुढे कोणाला तो पुसता येतो. हरवलेले सगळे पुन्हा रंगवून चित्र ‘नवे’ करणे सोपे असते, पण मग ते रेम्ब्रांटचे उरत नाही.

याच सफेद्यामुळे चित्राचे एक जुने गुपित कळले होते. शिसे क्ष-किरण अडवते, त्यामुळे दाट सफेदा असलेली जागा फिल्मवर उजळ दिसते. या फिल्ममध्ये आजच्या चेहऱ्याखाली दुसराच चेहरा दिसला. तो रेम्ब्रांटची पत्नी सास्कियाशी जुळतो. चित्र १६३६ मध्ये सुरू झाले. सास्किया १६४२ मध्ये वारली. त्यानंतर रंगवलेल्या चेहऱ्यात अभ्यासकांना गेर्ट्ये डिर्क्सची छटा दिसते. ती त्याच्या मुलाला सांभाळायला घरात आली होती.