घशाचा संत: बिशप ब्लेझ

संत ब्लेझ हे सेबास्ते या शहराचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील सिवासचे बिशप. रोमन सम्राट लिसिनियसच्या काळात, सुमारे 316 साली, सुभेदार अ‍ॅग्रिकोलाउसने त्यांचा शिरच्छेद करवला, असे परंपरा सांगते. समकालीन पुरावा मात्र नाही. त्यांची चरित्रकथा मृत्यूनंतर जवळपास चारशे वर्षांनी लिहिली गेली. तुरुंगात नेताना घशात माशाचा काटा अडकलेल्या मुलाला त्यांनी वाचवले, ही गोष्ट त्या कथेतली.

गंमत म्हणजे काट्याचा तोडगा कथेहून जुना आहे. सहाव्या शतकातला वैद्य एटियस लिहितो: रोग्याचा गळा धरा आणि म्हणा, ‘ख्रिस्ताचा सेवक, रक्तसाक्षी (धर्मासाठी प्राण देणारा) ब्लेझ सांगतो, हाडा, वर ये नाही तर खाली जा.’ म्हणजे घशाशी त्यांचे नाते आधी जुळले होते. लेखक नंतर आला.

गळ्याला मेणबत्त्या लावण्याची प्रथा बरीच अलीकडची, साधारण सोळाव्या शतकापासूनची. एका गरीब विधवेचे डुक्कर ब्लेझ यांनी लांडग्याकडून परत मिळवून दिले आणि पुढे तिने तुरुंगात त्यांना अन्नाबरोबर मेणबत्ती नेऊन दिली, हा कथेतला दुवा. 2 फेब्रुवारीला आशीर्वादित केलेल्या दोन मेणबत्त्या फुलीसारख्या लाल फितीने बांधतात; लाल हा रक्तसाक्ष्याचा रंग. 3 फेब्रुवारीला, म्हणजे त्यांच्या सणाच्या दिवशी, धर्मगुरू ती फुली हनुवटीखाली धरतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मेणबत्ती येईल अशी, आणि आशीर्वादाची प्रार्थना म्हणतात. बहुतेक ठिकाणी मेणबत्त्या न पेटवताच वापरतात. पेटत्या ठेवल्या तर कॉलरवर मेण सांडते, मोकळे केस जळण्याचीही भीती असते.

ब्लेझ यांच्या छळासाठी लोकर विंचरण्याच्या लोखंडी फण्या वापरल्या, म्हणून लोकर विंचरणाऱ्यांनीही त्यांना आपला संत मानले. इंग्लंडच्या ब्रॅडफर्डमध्ये, कट्टर प्रोटेस्टंट मुलखात, 1825 साली गिरणीवाल्यांनी ‘बिशप ब्लेझ’ची थाटात मिरवणूक काढली होती.

क्रोएशियातील डुब्रोव्हनिक शहरात त्यांचा उत्सव 972 पासूनचा मानतात. व्हेनिसवाल्यांचा हल्ला ओळखून संताने एका धर्मगुरूला सावध केले, अशी तिथली आख्यायिका. तिथली चांदीची मूर्ती पाहण्यासारखी आहे: संताच्या हातात 1667 च्या भूकंपापूर्वीच्या शहराची प्रतिकृती आहे. ढासळलेल्या इमारती कशा होत्या हे इतिहासकार त्यावरून पडताळतात.

गोव्यात जुन्या गोव्याजवळच्या गवंडाळीचे साओ ब्राझ चर्च याच संताचे. डुब्रोव्हनिकच्या दर्यावर्दींशी त्याचे नाते सांगितले जाते. मुंबईत अंधेरीच्या आंबोलीतले चर्चही संत ब्लेझ यांच्याच नावाचे आहे.