वेल्शचे मांजर आणि शब्दांची यादी

इंग्रजीचे स्पेलचेकर, म्हणजे शुद्धलेखन तपासणारी सॉफ्टवेअर, मुळात एका यादीवर उभे राहिले: शब्द यादीत नसला, की चूक. १९७१ मध्ये स्टॅनफर्डच्या राल्फ गोरिन यांनी पीडीपी-१० संगणकासाठी लिहिलेला 'स्पेल' पर्यायही सुचवायचा. त्यासाठी तो एक अक्षर बदलून, गाळून, वाढवून किंवा शेजारची दोन अक्षरे उलटवून पाही. पुढे बेल लॅब्जच्या डग मॅकइलरॉय यांनी पीडीपी-११ च्या ६४ किलोबाइटमध्ये ३०,००० शब्द बसवले. शेवटचे प्रत्यय सोलून उरलेला शब्द त्यांनी १४ बिटांहून कमी जागेत साठवला.

ही युक्ती चालली, कारण इंग्रजी शब्द बहुधा शेवटी बदलतो. वेल्श, आयरिश, ब्रेटन अशा केल्टिक भाषांत तो सुरुवातीलाही बदलतो. वेल्शमध्ये मांजर म्हणजे 'काथ'. माझे मांजर 'ङ्हाथ', त्याचे 'गाथ', तिचे 'खाथ'. रोमन लिपीत 'काथ'चा 'सी' जाऊन 'ङ्हाथ'साठी 'एनजीएच' येतो, म्हणजे तीन अक्षरांचा फरक. एका अक्षराच्या फेरफारावर चालणारे सॉफ्टवेअर तिथवर पोचत नाही.

प्रत्येक रूप यादीत घातले तर यादी कैक पटींनी फुगते. वाट निघाली ती नियमांच्या वेगळ्या फाइलमुळे. इस्पेल या स्पेलचेकरमध्ये जेफ कुएनिंग यांनी ही सोय वाढवली आणि लास्लो नेमेथ यांच्या हनस्पेल या स्पेलचेकरने ती पुढे नेली. एका फाइलमध्ये मूळ शब्द व त्यांना कोणते नियम लागतात त्याच्या खुणा, दुसरीत नियम: 'सी'ने सुरू होणाऱ्या शब्दाचा 'सी' काढ, 'एनजीएच' लाव. मराठीत 'घर'चे 'घराला' याच पद्धतीने, फक्त शेवटच्या बाजूने, साधता येते.

तरी मोठी भोके राहतातच. वेल्शमध्ये 'त्याचे' आणि 'तिचे' यांना सर्वनाम एकच आहे. मालक कोण, ते 'मांजर' या शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून कळते. 'गाथ' आणि 'खाथ' दोन्ही यादीत असल्याने चूक बिनबोभाट सुटते. म्हणून बँगर विद्यापीठाचे 'कसिल' आणि आयरिशसाठी केविन स्कॅनेल यांचे 'अन ग्रामाडोर' ही व्याकरण तपासणारी सॉफ्टवेअर वाक्यातले शेजारचे शब्दही तपासतात. ब्रेटनची अडचण आणखी आधी सुरू होते: 'ख'साठीच्या तीन चिन्हांच्या मधोमध अपॉस्ट्रॉफी असतो आणि इंग्रजी पद्धतीने शब्द तोडणारे सॉफ्टवेअर नेमके तिथेच कात्री लावू शकते.

आयरिशमध्ये कॅपिटल अक्षर शब्दाच्या मध्ये येऊ शकते. 'आमच्या पित्या' या ख्रिस्ती प्रार्थनेत छोट्या 'एन'ला चिकटून मोठा 'ए' येतो. लहान लिपीत तेच लिहिताना मध्ये हायफन हवा. सॉफ्टवेअरने तो न घालता सगळी अक्षरे लहान केली, तर उरतो 'नाहिर', म्हणजे साप. तोही यादीत आहेच, त्यामुळे कसलीच खूण उमटत नाही.