२१ दिवसांत सवय लागते?

‘२१ दिवस सलग करा, सवय लागलीच समजा’ हा फॉरवर्ड सोलापुरातल्या यंत्रमाग कारखान्यांच्या ग्रुपांवरही फिरतो.

आकड्याचं मूळ १९६० च्या एका पुस्तकात आहे. लेखक प्लास्टिक सर्जन. नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना ‘किमान’ २१ दिवस लागतात, एवढंच त्यांचं निरीक्षण. फिरता फिरता ‘किमान’ गळालं. नंतर लंडनमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला. सवय लागायला अंदाज निघाला १८ ते २५४ दिवस, मधला आकडा ६६ (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त). एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलंही नाही.

स्वतः पडताळा. कामाची पाळी संपताना आपल्या मागावरच्या चादरीतला दोष कुणी विचारण्याआधी वहीत लिहायचा, असं ठरवा. रोज कॅलेंडरवर खूण करा: आठवण करून द्यावी लागली, की हात आपोआप वहीकडे गेला? बाविसाव्या दिवशीही आठवण लागली, तर खोट तुमच्यात नाही (धाग्यात असू शकते). खुणा चालू ठेवा.