सामुदायिक रक्तदाब तपासणी

सामुदायिक रक्तदाब तपासणी : काहीही त्रास होत नसलेल्या, म्हणून दवाखान्याची पायरी न चढलेल्या लोकांचा रक्तदाब त्यांच्या गावात, वाडीवर किंवा कामाच्या ठिकाणी जाऊन मोजणे आणि ज्यांचा तो वाढलेला आढळेल त्यांना निदान व उपचारांपर्यंत पोचवणे, अशी सार्वजनिक आरोग्यातील पद्धत. सातारा-सांगलीकडे हिला ‘बीपीचा कॅम्प’ किंवा नुसते ‘बीपी बघणे’ म्हणतात. व्याख्येतला उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे. दंडाला पट्टा बांधला, आकडा सांगितला, फोटो काढला आणि माणूस घरी गेला, एवढ्यावर आटोपलेल्या कार्यक्रमाला शिबिर म्हणता येईल. तपासणी म्हणणे कठीण. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या विल्सन आणि युंगनर यांच्या निकषांतही हीच अट आहे : सापडलेल्या रुग्णाला उपचार मिळण्याची सोय आधी हवी, मग शोधायला निघावे.

गरज कशामुळे पडते, ते गावातल्या एका नेहमीच्या उत्तरात आहे. ‘डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग मला कसलं बीपी?’ उच्च रक्तदाब बहुतेकांना वर्षानुवर्षे जाणवतच नाही. पुढे अंगावरून वारे जाते, हृदयविकाराचा झटका येतो किंवा मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, तेव्हा मागचा हिशेब कळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) पंधरा वर्षांवरील २१.३ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा ते त्यावर औषध घेत होते. हे आकडे देशाचे आहेत.

मोजण्याची रीत सव्वाशे वर्षांची आहे. इटलीच्या शिपिओने रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाभोवती हवेचा पट्टा गुंडाळून दाब मोजला. रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये स्टेथोस्कोपने ऐकू येणाऱ्या आवाजांवरून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे काढून दाखवले. पाऱ्याची उभी यंत्रे आता मागे पडली असून उपकेंद्रांत बॅटरीवर चालणारी डिजिटल यंत्रे आली आहेत. त्यांचा एक फायदा क्वचितच सांगितला जातो. हाताने मोजताना आकडा शून्यावर आणून टेकवण्याची सवय सगळ्यांनाच असते, त्यामुळे जुन्या रजिस्टरात १२०/८०, १३०/८०, १४०/९० अशा नीटस ओळी दिसतात. खरा रक्तदाब इतका शिस्तीचा नसतो. यंत्र १३७/८३ दाखवते आणि तेच लिहावे लागते.

भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्य सरकारे यांचा हा संयुक्त प्रयत्न. पहिल्या टप्प्यातल्या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्गाबरोबर सातारा होता. उपक्रमाचा भर नवे औषध किंवा नवे यंत्र यांवर नव्हता. सगळ्या सरकारी दवाखान्यांत उपचारांची एकच ठरलेली पायरी, अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशा मोजक्या गोळ्यांचा अखंड पुरवठा, डॉक्टरांच्या बरोबरीने सिस्टर आणि आशांकडे वाटून दिलेले काम, रुग्णाला घराजवळ मिळणारी गोळी आणि कोण आले, कोण आले नाही याची नोंद, एवढेच त्याचे सूत्र. नोंदीसाठी ‘सिंपल’ नावाचे मोबाइल अ‍ॅप आणि क्यूआर कोड असलेले ‘बीपी पासपोर्ट’ कार्ड वापरात आले. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

गावपातळीवर कामाची सुरुवात आशाताईंच्या कागदापासून होते. तिशीपुढच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ नावाचा, आजाराचा धोका जोखणारा फॉर्म भरायचा असतो : वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का. प्रत्येक उत्तराला गुण असून बेरीज चारच्या वर गेली की त्या व्यक्तीला तपासणीला आधी आणायचे. कमी गुण म्हणजे तपासणीतून सुटका नव्हे, हे मात्र गावात नीट समजावून सांगावे लागते. फॉर्म भरण्याचीही एक कला आहे. ‘तंबाखू खाता का?’ म्हटले की म्हातारी मान हलवते. ‘मिसरी लावता का?’ असे विचारले की दिवसातून तीनदा, असे उत्तर येते. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण ती कोणी तंबाखूत धरत नाही. प्रश्न बदलला नाही तर गुण चुकतात.

प्रत्यक्ष मोजणी हा तपासणीचा सर्वांत नाजूक भाग आहे आणि गर्दीत नेमका तोच बिघडतो. माणसाने पाच मिनिटे शांत बसलेले असावे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पायाची अढी नाही, हात हृदयाच्या उंचीला टेकवलेला. लघवी तुंबलेली नसावी. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिसरी नको. मोजताना बोलायचे नाही, आणि हा नियम पाळायला सर्वांत अवघड, कारण शेजारी बसलेली जाऊ किंवा भावकीतला माणूस गप्प बसत नाही. शेतातून चढ चढून थेट खुर्चीत बसलेल्या माणसाचा पहिला आकडा जवळजवळ टाकाऊच समजावा. ब्लाउजची किंवा सदऱ्याची घट्ट बाही वर सरकवली की तिचाच दंडाला वेढा बसतो. पट्टा उघड्या दंडावर हवा. पट्ट्यातल्या हवेच्या पिशवीने दंडाचा सुमारे ८० टक्के घेर झाकला पाहिजे. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच वाढतो, बारीक दंडाला मोठा लावला तर उलट. मिनिट-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचे असते. ज्यांची नाडी अनियमित आहे त्यांच्या बाबतीत डिजिटल यंत्रावर विसंबता येत नाही.

१४०/९० मिमी पारा किंवा त्याहून अधिक, दोन्हींपैकी एकही आकडा असला तरी, भारतात वाढलेला धरतात. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये ही रेषा १३०/८० वर आणली. आपल्या सरकारी कार्यक्रमाने जुनीच ठेवली. पण एका दिवसाच्या आकड्यावर निदान होत नाही. पांढरा कोट पाहून दाब वाढणारी माणसे असतात, तशी दवाखान्यात नेमका दाब उतरणारीही असतात. म्हणून आणखी एखाद्या दिवशी पुन्हा मोजून मगच गोळी सुरू होते. अपवाद १८०/११० च्या वरच्यांचा : त्यांना त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचे.

गळती होते ती या दोन मोजण्यांच्या मधल्या दिवसांत. पहिल्या दिवशी पारावर, मंदिराच्या सभामंडपात शंभर माणसे जमतात. दुसऱ्या मोजणीला उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जायचे तर अर्ध्या दिवसाचा रोजगार बुडतो. गोळी सुरू झाल्यावरची गळती वेगळी. महिनाभराने आकडा खाली येतो, मग ‘बीपी गेलं’ म्हणून गोळी बंद. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या पायाला सूज येते. तसे आधी सांगितले नसेल तर रुग्ण सरळ औषध सोडतो आणि कोणाला सांगतही नाही. ‘एकदा लागली की जन्माची लागते’ ही भीतीही गोळी टाळायला पुरते. गोळीने बीपी मुळापासून जात नाही, गोळी घेतो तोवर ते आवरते, हे सांगण्यात गावच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा सर्वाधिक वेळ जातो.

तपासणीत कोण येत नाही, हा प्रश्न सातारा-सांगलीकडे जरा निराळा आहे. माण-खटाव, पाटण, जावळीतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत, माथाडी कामात किंवा पूर्वी गिरण्यांत. खानापूर-आटपाडीकडची कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली. घरोघरच्या यादीत त्यांची नावे असतात, दंड नसतात. उलट गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येतात, कोप्या घालून राहतात. त्यांचे दंड असतात पण नावे गावच्या यादीत नसतात. त्यामुळे दुपारी अकरा ते दोनच्या शिबिराला येतात ते बहुधा घरी असलेले वृद्ध आणि ज्यांचे बीपी आधीच माहीत आहे असे लोक. तिशी-चाळिशीतला कामकरी पुरुष, ज्याला शोधायचे, तो निसटतो. शिबिर पहाटे फडावर किंवा संध्याकाळी सोसायटीसमोर ठेवावे, एवढा साधा बदलही पुष्कळ फरक पाडू शकतो. चैत्र-वैशाखात गावोगाव यात्रा भरतात आणि मुंबईकर घरी येतात. तेवढे चार दिवस यंत्र देवळाजवळ असावे.

तपासणीबरोबर आहाराचा सल्ला देतात. मिठाची शिफारस दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चमचाभर. इथे पानातल्या वरून घेतलेल्या मिठाइतकेच लक्ष उन्हाळ्यात वर्षभरासाठी करून ठेवलेली कांदा-लसूण चटणी, लोणचे, पापड आणि खरड्याकडे द्यावे लागते, कारण मीठ त्यात आधीच पडलेले असते. चटणी सोडा म्हटले तर सल्ला ऐकून घेऊन विसरला जातो. ‘पुढच्या वर्षी करताना मीठ कमी टाका’ हे निदान बायकांच्या हिशेबात बसते.

शिबिराच्या अहवालात सहसा ‘एकूण तपासलेले’ हा आकडा वर असतो. खाली आणखी तीन रकाने लागतात : दुसऱ्यांदा आलेले, गोळी सुरू झालेले, आणि मागच्या भेटीत १४०/९० च्या खाली असलेले. आशाताईंच्या वहीत हे रकाने पेन्सिलने आखलेले असतात, कारण नावे सतत एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवावी लागतात.