फुफ्फुसातली गाठ टी-पेशींच्या तावडीतून कशी सुटते

जळगाव-धुळ्याच्या कापूसपट्ट्यात गुलाबी बोंडअळी काय करते हे वेगळं सांगायला नको. बीटी वाणातल्या विषाने बहुतेक अळ्या मरायच्या. ज्या थोड्या तगल्या त्यांचीच पिलावळ वाढत गेली आणि २०१७च्या हंगामात बोंडं फोडली की आत अळी, असं झालं. अळीने काही डोकं लढवलं नव्हतं. मरणाऱ्या मेल्या, तगणाऱ्या उरल्या. फुफ्फुसाचा कर्करोग प्रतिकारशक्तीला चुकवतो तो याच रीतीने. गाठीला अक्कल नसते. टी-पेशींच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शिपाई असलेल्या पांढऱ्या पेशींच्या, माऱ्यातून ज्या पेशी योगायोगाने वाचतात, त्यांची मिळून गाठ बनते.

मारा होतो कसा? आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिनं असतात. पेशीच्या आत जी प्रथिनं तयार होतात, त्यांचे साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे तुकडे एचएलएच्या खाचेत बसून बाहेर दिसतात. टी-पेशी हे तुकडे तपासत फिरतात. बिडी-सिगारेटच्या धुरातल्या बेन्झोपायरीनसारख्या रसायनांनी डीएनए बिघडला की काही तुकडे बदलतात. असा परका तुकडा ओळखता आला की टी-पेशी त्या पेशीला चिकटते, तिला भोक पाडते आणि आत मारक विकरं सोडते.

म्हणून सुटकेचा पहिला मार्ग म्हणजे तुकडा दाखवणंच बंद होणं. एचएलएची ए, बी आणि सी अशी तीन मुख्य जनुकं ६व्या गुणसूत्रावर असतात. प्रत्येकाची एक प्रत आईकडची, एक वडिलांकडची, म्हणजे जास्तीत जास्त सहा प्रकारच्या खाचा. पेशीविभाजनात एका बाजूची प्रत गळून पडली, तर त्या खाचेत बसणारे तुकडे दिसेनासे होतात. ब्रिटनमधल्या ट्रेसरएक्स अभ्यासाने २०१७ मध्ये दाखवलं की नॉन-स्मॉल-सेल या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारच्या फुफ्फुस-कर्करोगात सुमारे ४० टक्के गाठींमध्ये ही गळती असते. मग सगळंच एचएलए का टाकलं जात नाही? कारण एचएलए अजिबात नसलेली पेशी दिसली की नॅचरल किलर पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या शिपाई, तिला मारतात. अर्धं गमावणाऱ्या पेशी दोघांच्याही हातून सुटतात. आम्हाला या विषयातला हा सगळ्यात थक्क करणारा भाग वाटतो.

दुसऱ्या मार्गावर आजची औषधं उभी आहेत. टी-पेशी हल्ला करताना इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडते. त्याच्या प्रभावाने गाठीच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ हे प्रथिन वाढवतात. ते टी-पेशीवरच्या पीडी-१ला जाऊन चिकटलं की टी-पेशीला आतून मिळणारा ‘मार’ हा संदेश थांबतो. ती गाठीत हजर असते, पण काम करत नाही; फार काळ तसंच राहिलं तर थकून निकामी होते. पीडी-१चा शोध १९९२ मध्ये जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि २०१८चं नोबेल त्यांना व जेम्स ॲलिसन यांना मिळालं. पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब ही प्रतिपिंडं पीडी-१ला झाकतात, म्हणजे पीडी-एल१ला चिकटायला जागाच उरत नाही.

काही गाठींत मात्र टी-पेशी आत शिरतच नाहीत. एसटीके११ जनुक बिघडलेल्या गाठी बऱ्याचदा अशाच असतात; तिथे पीडी-१ झाकून फारसं साधत नाही.

आता खानदेशातल्या रुग्णाच्या कामाचं. गाठ कोणत्या मार्गाने सुटतेय याचा अंदाज बायोप्सीत काढलेल्या गाठीच्या तुकड्यावरून येतो, आणि तो तुकडा खराब झाला तर सगळंच अडतं. पीडी-एल१च्या नेहमीच्या चाचणीला किमान १०० जिवंत कर्कपेशी लागतात. तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, त्याच्या आकारमानाच्या किमान दहापट द्रवात ठेवावा आणि ६ ते ७२ तासांत पुढची प्रक्रिया व्हावी. शनिवारी नंदुरबारला घेतलेली बाटली बुधवारी मुंबईत उघडली तर ही मुदत टळलेली असते. त्यापेक्षा जवळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) करून घ्यावा आणि ब्लॉक पाठवावा. सलाइनमध्ये टाकलेला तुकडा कुजू लागतो, रंग नीट चढत नाही आणि रिपोर्ट खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो.

रिपोर्टमध्ये टीपीएस टक्क्यांत येतो: किती कर्कपेशींच्या कडेला रंग दिसला. १ टक्क्याखाली, १ ते ४९ आणि ५० व पुढे असे गट धरतात. ५० किंवा जास्त असेल आणि ईजीएफआर, एएलके या जनुकांत बदल नसतील, तर पेम्ब्रोलिझुमॅब एकटंही देता येतं, दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम. अशा रुग्णांवरच्या कीनोट-०२४ या औषध-चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबने सुरुवात केलेल्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे ३२ टक्के रुग्ण हयात होते. केमोथेरपीने सुरुवात केलेल्या गटात १६ टक्के.

ईजीएफआरचा रिपोर्ट हातात येईपर्यंत इम्युनोथेरपीची, म्हणजे पीडी-१ झाकणाऱ्या औषधांची, घाई करू नये. हा बदल धूम्रपान न करणाऱ्यांत, विशेषतः बायकांत, जास्त सापडतो. अशा गाठीत परके तुकडे कमी, त्यामुळे पीडी-१ची औषधं सहसा फिकी पडतात, तर ओसिमर्टिनिबसारखी ईजीएफआर रोखणारी गोळी चांगली लागू पडते. शिवाय आधी पीडी-१चं औषध आणि लगेच पाठोपाठ ओसिमर्टिनिब दिलं, तर फुफ्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात म्हणून नातेवाईक अस्वस्थ होतात, ते समजण्यासारखं आहे. पण रुग्णाची प्रकृती सांभाळता येत असेल तर ही वाट पाहणं उपचाराचाच भाग आहे.

आणि टीबी. एक्स-रेवर डाग दिसला, खोकल्यातून रक्त आलं की आपल्याकडे आधी टीबीच्या गोळ्या सुरू होतात. थुंकीच्या सीबीनॅट चाचणीत जंतू सापडले नसतील आणि दोन महिन्यांच्या गोळ्यांनंतरही डाग तसाच असेल किंवा वाढला असेल, तर आणखी गोळ्या न रेटता सीटी स्कॅन आणि बायोप्सी करावी. उलट बाजूही आहे: पीडी-१चं औषध चालू असताना दबलेला टीबी उफाळल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे उपचारादरम्यान नवा खोकला, दम किंवा ताप आला, तर तीन शक्यता एकदम तपासाव्या लागतात: गाठ वाढली, टीबी उठला, की मोकळ्या झालेल्या टी-पेशींनी फुफ्फुसालाच सूज आणली. तिसऱ्यावर उपाय म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, वजनाच्या किलोमागे रोज १ ते २ मिलिग्रॅम, आणि ते काही आठवडे हळूहळू कमी करत आणायचं. पण टीबी असताना तेच स्टिरॉइड एकटं दिलं तर जंतूंचं फावतं. म्हणून गावातल्या डॉक्टरांकडे दम्याचं इंजेक्शन (त्यात स्टिरॉइड असू शकतं) घेण्याआधी ‘इम्युनोथेरपी चालू आहे’ हे सांगावं आणि औषधाचं नाव लिहिलेला कागद जवळ ठेवावा.