रुग्णालयातील स्वऔषधसेवन

दाखल असलेल्या रुग्णाने डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे, रुग्णालयाच्या परवानगीने आणि नोंदीसह, स्वतःच्या हाताने घेण्याची पद्धत. मनाला येईल ती गोळी मेडिकलमधून आणून खाणे यात येत नाही. ब्रिटनमध्ये सार्वजनिक खर्च तपासणाऱ्या ऑडिट कमिशनने 2001 मध्ये या पद्धतीची शिफारस केली. तिथे साधारणतः तीन टप्पे असतात : आधी सिस्टर औषध देते, मग रुग्ण तिच्यासमोर घेतो आणि शेवटी एकट्याने घेतो. औषधे कॉटशेजारच्या कुलूपबंद कप्प्यात राहतात.

सांगली-मिरजेत बहुतेक ठिकाणी औषधे नातेवाईक आणून सिस्टरकडे देतात. घरची बीपीची गोळी मात्र पिशवीतच राहते. वॉर्डातून तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने मिळाले, की डोस दुप्पट. त्यामुळे पहिले काम पिशवी कॉटवर रिकामी करून केसपेपरशी ताडून पाहण्याचे. दुकानदाराने पाच गोळ्या कापून दिलेल्या स्ट्रिपवर कधी नाव नसते, कधी मुदत. असा तुकडा बाजूलाच काढावा. मिरजेत 1894 मध्ये मिशन रुग्णालय सुरू झाले, आणि आजही सीमेपलीकडून रुग्ण येतात. त्यांच्या औषधांच्या डब्यांवर सूचना कन्नडमध्ये लिहिलेली बरी.

इनहेलर, इन्सुलिन, पार्किन्सनच्या वेळेला बांधलेल्या गोळ्या यांसाठी ही पद्धत सोयीची. मॉर्फिन, सलाइनमधून जाणारी औषधे, भूल पुरती न उतरलेला किंवा भ्रमात असलेला रुग्ण, आत्महत्येचा धोका असेल तर ती लागू नाही. संधिवातातली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. प्रकृती बदलली की परवानगीचा पुन्हा विचार होतो.

खरी परीक्षा इन्सुलिनची. भारतात बाटलीत बहुधा मिलिलिटरला 40 युनिट असतात, पेनमध्ये 100. लाल टोपणाची सिरिंज 40 ची, केशरी 100 ची. 100 चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने मोजले, तर अडीचपट जाते. ‘वर्षानुवर्षे घेतोय की’ म्हणणाऱ्या आजोबांनाही सिस्टरने एकदा समोर भरून दाखवायला लावावे. दुसरी अडचण जेवणाची. रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घेतात, पण तासगावहून एसटीने येणारा डबा त्या हिशेबाने पोहोचेलच असे नाही, आणि सुई टोचून जेवण लांबले की शुगर उतरते. औषधांच्या नोंदतक्त्यात दुपारच्या रकान्यात म्हणूनच घड्याळाच्या वेळेऐवजी ‘डबा हातात आल्यावर’ असे लिहिणे अधिक सुरक्षित.