एकट्याची बोट कुणाच्या वजनाची?

१९४८च्या ऑलिंपिकमधल्या शिडाच्या बोटींच्या शर्यती लंडनपासून दूर, टॉर्कीच्या किनाऱ्यावर झाल्या. एकट्याने चालवायच्या वर्गासाठी आयोजकांनी फायरफ्लाय निवडली होती. उफा फॉक्सने आखलेली ही बोट मुळात दोघांची. दुसरा माणूस काढून घेतला, शीड चालवण्याचं आणि बोट सपाट ठेवण्याचं काम मात्र तेवढंच राहिलं. सुवर्ण मिळालं ते वीस वर्षांच्या पॉल एल्व्हस्ट्रॉम या डॅनिश तरुणाला. चौथा आला स्वीडनचा रिकार्ड सार्बी. पुढची सत्तर वर्षं डिंगीवाल्यांच्या (डिंगी म्हणजे शिडाची छोटी बोट) मांड्यांची जी परीक्षा चालली, तिची सुरुवात या दोघांपासून धरायला हरकत नाही.

त्याआधी या वर्गाला स्वतःची अशी बोटच नव्हती. १९२४ मध्ये एक, १९२८ मध्ये दुसरी, १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये स्नोबर्ड, १९३६ ला कीलमध्ये ओ-योले. दर वेळी बोट नवी, त्यामुळे ‘या बोटीला कसलं शरीर लागतं’ हा प्रश्न मुरायला वेळच मिळाला नाही.

१९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी नव्या आराखड्यांची स्पर्धा घेण्यात आली. सार्बी हा उप्सालाचा केशकर्तनकार, शिडाच्या कनू (अरुंद होड्या) आखण्याचा नादिष्ट. कागदावरच्या स्पर्धेत त्याचा आराखडा जिंकला नाही, पण त्याने बोट प्रत्यक्ष बांधली आणि १९४९च्या चाचण्यांत ती सरस ठरली. तीच फिन. लांबी साडेचार मीटर, हलचं (बोटीच्या सांगाड्याचं) वजन शंभर किलोंच्या वर, शीड सुमारे दहा चौरस मीटर आणि डोलकाठीला आधाराची एकही तार नाही. हेलसिंकीला एल्व्हस्ट्रॉमने सुवर्ण नेलं, तर सार्बीने स्वतःच्याच बोटीत कांस्य.

वजनाचा मुद्दा इथे जरा उलगडायला हवा. वाऱ्याचा वेग वाढतो तसा शिडावरचा जोर वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढतो. १० नॉटचा वारा १४ झाला की जोर जवळजवळ दुप्पट. बोटीला आडवं पाडू पाहणाऱ्या या जोराला रोखणारी एकच हलती गोष्ट बोटीत असते, ती म्हणजे चालवणारा. तो पायाचे पंजे टो स्ट्रॅपखाली (बोटीतल्या पट्ट्याखाली) अडकवतो, बसतो काठावर आणि कमरेपासून वरचं सगळं शरीर पाण्यावर बाहेर काढतो. यालाच हायकिंग म्हणतात. किती किलो आणि किती बाहेर, या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे त्याची ताकद. उंच माणसाला दुसरा आकडा जन्मतःच मिळतो. वजनदार माणूस जोराच्या वाऱ्यात शीड भरलेलं ठेवू शकतो. हलक्याला कनिंगहॅम आणि व्हँग (शीड खाली ताणणाऱ्या दोऱ्या) खेचून शीड चपटं करावं लागतं, म्हणजे मिळालेली ताकद सोडून द्यावी लागते. वारा पडला की पारडं फिरतं. तेव्हा जड माणसाची बोट पाण्यात जास्त बुडते आणि रेंगाळते.

एल्व्हस्ट्रॉमने हे इतरांच्या आधी ओळखलं. काठाच्या उंचीचं बाक आणि पाय अडकवायला पट्टा अशी मांडणी त्याने घरी केली आणि त्यावर लटकून सराव केला. त्या काळी नौकानयन हा निवांत सभ्य गृहस्थांचा खेळ समजला जाई, त्यामुळे घरात बसून असा घाम गाळणं अनेकांना विचित्र वाटलं असणार. त्याने १९५२, ५६ आणि ६० अशी फिनमधली तीन सुवर्णं ओळीने जिंकली. आज जवळपास प्रत्येक गंभीर स्पर्धकाकडे असं बाक असतं.

हायकिंगमध्ये मांडीचे पुढचे स्नायू मिनिटंच्या मिनिटं आखडलेलेच राहतात. लाटेगणिक थोडी हालचाल होते, पण पूर्ण सैल पडायला संधी नाही. आखडलेल्या स्नायूतून रक्त नीट फिरत नाही, म्हणून जळजळ लवकर सुरू होते. ऑक्सिजनचा खप ज्या मानाने वाढतो त्यापेक्षा हृदयाचे ठोके आणि रक्तदाब जास्त चढतात. नुसतं धावून या कामाची तयारी होत नाही, ती याच कारणाने. शिवाय एका हातात मेनशीट (शीड आवरण्याची दोरी), दुसऱ्यात सुकाणूचा दांडा, आणि डोळे पुढच्या झुळकेवर. गुडघ्याची वाटी आणि कंबर ही या खेळाची नेहमीची दुखणी.

फिनमध्ये एक सोय होती. डोलकाठी किती वाकावी हे ज्याचं त्याने ठरवायचं. लाकडी काठीच्या काळात लोक रंधा मारून ती आपल्या वजनाला जुळवून घेत, मग ॲल्युमिनियम आणि कार्बन फायबर आलं. तरीही शीड मोठं ते मोठंच. त्यावर उपाय म्हणून पुढे पाणी शोषणारे स्वेटर आणि पाण्याने भरायची जॅकेटं निघाली. मला हा या इतिहासातला सर्वांत खुळा अध्याय वाटतो. आधीच ताणलेल्या पाठीवर मुद्दाम लादलेलं ओझं! अखेर नियमांनी ते अडवलं. आता स्पर्धकाच्या कपड्यांना आणि साहित्याला साधारण ८ किलोंची मर्यादा असते.

फिनला पर्यायही शोधले गेले. डेन्मार्कच्या क्नुड ओल्सेनची ओके डिंगी प्लायवूडमध्ये घरी बांधता येण्याजोगी होती. ऑस्ट्रेलियाच्या बॉब मिलरने, म्हणजे पुढे बेन लेक्सन म्हणून गाजलेल्या माणसाने, कंटेंडर आखली. तिच्यात एकटा माणूस ट्रॅपीझच्या तारेवर लटकतो. शरीर आणखी बाहेर जातं, मांडीवरचा भार उतरतो, त्याची जागा तोल सांभाळण्याची कसरत घेते. फिनच्या जागी एकट्याची नवी बोट शोधायला घेतलेल्या चाचण्यांत ती उजवी ठरली, पण ऑलिंपिकमध्ये कधीच गेली नाही.

खरा धक्का लेझरने दिला. १९६९ साली इयन ब्रूसशी फोनवर बोलता बोलता कॅनडाच्या ब्रूस कर्बीने तिचं कच्चं चित्र काढलं, शीड हान्स फॉगने केलं आणि १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात ती बाजारात आली. हल ५९ किलो, शीड ७.०६ चौरस मीटर. मोटारीच्या टपावर टाकून नेता येईल अशी. डोलकाठी, शीड, हल सगळ्यांना सारखं, बदल करायला मनाई. खर्च आटोक्यात आला, हे तिचं मोठं यश. पण फिनमध्ये काठी माणसाला जुळवता येत होती, लेझरमध्ये माणसालाच बोटीला जुळवून घ्यावं लागलं. वरच्या पातळीवर ८० किलोंच्या आसपासच्या लोकांचं फावू लागलं. साठ किलोंचा माणूस वारा वाढला की मागे पडणार, कितीही हुशार असला तरी.

उत्तर म्हणून आधी काठीचा वरचा तुकडा आखूड करून पाहिला. काठी ताठ राहिली, बोट नीरस झाली, लोकांनी पाठ फिरवली. मग खालचाच तुकडा आखूड आणि लवचिक केला, शीड ५.७६ चौरस मीटरचं झालं, आणि रेडियल या नावाने ती चालली. पुढे ४.७ चौरस मीटर शिडाची ४.७ आली. बायकांना ऑलिंपिकमध्ये एकट्याने चालवायचा वेगळा वर्ग मिळाला तो १९९२ साली, युरोप बोटीत. २००८ पासून तिची जागा रेडियलने घेतली, आणि युरोप बोटीत चालून जाणारी हलकी अंगकाठी तिथे अपुरी पडू लागली. २०१९ पासून या कुळाला आयएलसीए (लेझर वर्गाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची आद्याक्षरं) म्हणतात: मूळ लेझर ती ७, रेडियल ती ६ आणि ४.७ ती ४.

बोट बदलायची तर शरीर बदलावं लागतं, हे बेन एन्स्लीने दाखवलं. २००० मध्ये लेझरचं सुवर्ण घेऊन तो फिनकडे वळला, त्यासाठी दहा किलोंहून जास्त वजन चढवलं आणि २००४, २००८, २०१२ अशी तीन सुवर्णं जिंकली. टोकियोनंतर फिन ऑलिंपिकमधून गेली. पॅरिसला, २०२४ मध्ये, पुरुषांसाठी आयएलसीए ७ आणि बायकांसाठी आयएलसीए ६ एवढ्याच एकट्याच्या डिंगी होत्या. ९५ किलोंच्या पुरुषाला त्यात जागा नाही, आणि हा निर्णय मला आजही पटत नाही.

क्लबात चालवणाऱ्याला मात्र आज निवड मोठी आहे. आरएस एरो या डिंगीचं हल अवघं ३० किलोंचं, त्यावर ५, ६, ७ किंवा ९ या क्रमांकांचं लहान-मोठं शीड चढतं. ६५ किलोंचा माणूस आयएलसीए ६ घेऊन खालचा तुकडा आणि शीड तेवढं बदलून हलक्या वाऱ्यात ७ही चालवू शकतो. गुडघा कुरकुरत असेल तर कंटेंडरचा विचार करावा, फक्त पहिले काही महिने पाण्यात पडण्याची तयारी ठेवावी.